एकादशीचं डिनर क्रूझ

जाऊबाई सहलीहून परतल्या की त्यांचे फोटो बघायला आम्हाला ठाण्याला जावं लागत नाही. फोटो आपणहून नेरूळला येतात, सोबत जाऊबाई आणि भाऊजी असतात, आणि चहा-पोहे माझ्याकडचे असतात. यंदा ॲमस्टरडॅम होतं. शंभराहून जास्त किलोमीटर लांबीचे कालवे, त्यांवर हजाराहून जास्त पूल, काठाला बांधलेल्या होड्यांत संसार थाटून राहिलेली माणसं. सतराव्या शतकात खणलेलं कालव्यांचं ते कडं २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, हेही जाऊबाईंनी न अडखळता सांगितलं. मग मुख्य फोटो आला. काचेच्या छताची बुटकी बोट, आत टेबलं, टेबलावर पिझ्झा, पिझ्झ्यामागे भाऊजी.

"डिनर क्रूझ," जाऊबाई म्हणाल्या. "पण अगदी कॅज्युअल हं! नटणं-थटणं काही नाही. जीन्स घालायची, हातानेच पिझ्झा खायचा, खिडकीतून शहर बघायचं. दीड तासात परत."

"हाताने जेवायला एवढ्या लांब गेलात?" सासूबाईंनी विचारलं. हा टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

भाऊजींनी विषय बदलायला सायकलींची माहिती पुरवली. त्या कालव्यांतून म्हणे दरवर्षी हजारो सायकली बाहेर काढतात. लोक टाकून देतात, वाऱ्याने पडतात, रात्री घरी जाणाऱ्यांच्या हातून निसटतात. तिथपर्यंत गप्प बसलेला माझा नवरा इथे पेटला. नवरा नवी मुंबईचा अभिमानी आहे. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली ही तारीख तो घरातल्या वाढदिवसांपेक्षा पक्की लक्षात ठेवतो.

"वहिनी, डचांचं कौतुक आम्हाला नका सांगू. आपण ज्या जमिनीवर बसलोय ना, तिचं पावसाचं पाणी डच पद्धतीनेच निघतं."

हे खरं आहे. इथली बरीच जमीन खाडीच्या भरतीच्या पातळीहून खाली, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडच्या झडपा मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी बाहेर पडतं. नवऱ्याने हे दोन बश्या आणि एक चमचा वापरून दाखवलं.

"मग त्या तलावात बोट चालते का?" जाऊबाईंनी विचारलं.

चालत नाही. तलावांत गाळ साचलाय, गाळात तिवरं उगवलीत, आणि तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे. पण नवरा आता माघार घेण्यापलीकडे गेला होता. "तलाव कशाला? आख्खी ठाण्याची खाडी आहे! रोहित पक्षी आहेत, फ्लेमिंगो! तुमच्या ॲमस्टरडॅमला आहेत रोहित? पुढच्या महिन्यात आपण सगळे बोटीत बसून जेवणार. कॅज्युअल."

आमच्या घरात 'आपण करू' याचा अर्थ मी करीन असा होतो, हे लग्नानंतर पहिल्या दिवाळीलाच समजलं होतं.

दिवाळे कोळीवाड्यातून रोहित दाखवायला होड्या निघतात, हे आमच्या मासेवालीकडून कळलं होतं. तिच्याच ओळखीने एक नाखवा ठरला. मी त्यांना फोनवर सांगितलं की शनिवारी साडेसातला बोट हवी, आम्ही आठ जण, जेवण आमचं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा शनिवार ठीक हाय. पण पान्याचा कवा हाय ते बघाया पायजे ना."

मग त्यांनी मला तो हिशेब सांगितला. पंचांगातली तिथी घ्यायची. तिची पाऊणपट करायची. साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारा धरायचे. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो, म्हणून हे जमतं. आणि भरतीनंतर सहा तासांनी सुकती, तेव्हा धक्क्याला नुसता चिखल.

मी कालनिर्णय घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. त्या ॲमस्टरडॅमवाल्यांचं बरं आहे. त्यांनी शहराच्या तोंडाशी जलद्वारं बसवली, वर १९३२ साली लांबलचक बांध घालून समुद्रच अडवला. त्यांच्या कालव्यात पाणी आज जेवढं तेवढंच उद्या. सात म्हणजे सात. आमचं जेवण चंद्राच्या हाती.

कोजागिरीला भरती मध्यरात्री, म्हणजे मसाला दूध होईल, जेवण नाही. शिवाय कोजागिरी होऊन गेलेली. संकष्टीचा विचार मनात आला, कारण नऊ-साडेनऊला चंद्र दिसतो, उपास सुटतो, सगळे भुकेलेले असतात, मोदकही असतात. पण चतुर्थीची भरती तीनला, म्हणजे नऊला ओहोटी. आमच्यासमोर चंद्र, मोदक आणि मैलभर चिखल. जेवणाची वेळ आणि पाण्याची वेळ कुठे जुळते ते शोधत बोट कालनिर्णयावरून सरकत गेलं आणि एका चौकोनावर थांबलं. अकराची पाऊणपट सव्वाआठ.

संकष्टीला जेवण असतं तर पाणी नसतं, आणि एकादशीला पाणी असतं तर जेवण नसतं. परमेश्वराने ही खाडी मराठी माणसाला डिनर क्रूझ करता येऊ नये म्हणूनच निर्माण केली असावी.

दशमी शुक्रवारी येत होती. शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याहून नेरूळला येणं म्हणजे काय, हे घोडबंदर रोडवर राहणाऱ्या जाऊबाईंना समजवावं लागलं नाही. द्वादशी रविवारी, पण तेव्हा भरती नऊला, आणि नाखवा अंधारात फार वेळ बायकामाणसांना घेऊन फिरायला तयार नव्हते. शनिवारच ठरला. माघातली एकादशी. सहाला निघायचं, चढत्या पाण्याबरोबर रोहित बघायचे, सूर्य बुडाला की जेवायचं, भरतीच्या पाण्यावर परत धक्क्याला लागायचं.

सासूबाई एकादशी करतात. त्या करतात म्हणून मी करते. मी करते म्हणून नवरा घरात असेल तर करतो. जाऊबाई करत नाहीत, पण सासूबाईंसमोर करतात. राहिले भाऊजी. ते नाखव्याच्या बायकोकडून बोंबील तळून घ्यायचे मनसुबे रचत होते. सासूबाईंनी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं, "बोटीत सगळे एकत्र बसणार ना रे?" आणि बोंबील गेले.

तर कॅज्युअल डिनरचा मेनू असा ठरला: साबुदाणे वडे, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची उपासाची भाजी, रताळ्याचे काप, दही, राजगिऱ्याचे लाडू. आमटी नको असं मी दोनदा म्हणाले. आमटीशिवाय वऱ्याचे तांदूळ घशाखाली उतरत नाहीत, असा निर्णय आला. न्यायला सोपं म्हणून मी पेपर प्लेट आणल्या. आमटीसाठी पेपरचे द्रोण. शहाण्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगते.

शनिवारी पावणेसहाला आम्ही धक्क्यावर होतो. जाऊबाई-भाऊजी ठाणे-बेलापूर रोडवर होते. "ऐरोली," असा मेसेज. मग "अजून ऐरोली." पाणी धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून चढत होतं. मी डबे मोजत होते. सासूबाई बाकावर बसून एका कोळणीशी पापलेटच्या भावावर चर्चा करत होत्या, उपासाच्या दिवशी, निव्वळ माहितीसाठी. सव्वासहाला जाऊबाई उतरल्या. पांढरी लिननची पँट, पांढरा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. ॲमस्टरडॅमच्या फोटोत होता तोच वेश. मासळीच्या धक्क्यावर पांढरं कुणी घालत नाही, हे त्यांना पहिल्याच पायरीवर कळलं.

बोटीला काचेचं छत नव्हतं. ताडपत्रीचं होतं, तेही अर्धं. नाखव्याने प्रत्येकाला नारिंगी लाइफ जॅकेट दिलं. सासूबाईंनी विचारलं, "हे आधी कुणी घातलं असेल ना? उपासाला चालतं का?" नवरा म्हणाला, "आई, बुडालीस तर उपास मोडेल." जॅकेट घातलं गेलं. सगळे नारिंगी होऊन फळ्यांवर ओळीने बसलो तेव्हा आम्ही वाट चुकून समुद्राला लागलेल्या दिंडीसारखे दिसत होतो.

इंजिन सुरू झालं आणि बोलणं संपलं. ॲमस्टरडॅमच्या बोटी आता विजेवर चालतात, आवाज नसतो, हे जाऊबाईंनी माझ्या कानात ओरडून सांगितलं. आमच्या डिझेल इंजिनाचा धूर वारा नेमका आमच्याकडे वळवत होता.

पण रोहित दिसले, हे मान्य करायला हवं. ओहोटीला ते उघड्या चिखलात चोच उलटी घालून चरतात, आणि भरतीने चिखल बुडाला की उठून पाणथळीकडे विसाव्याला जातात. आमचं पाणी चढत होतं, म्हणजे त्यांची पंगत उठायची वेळ. आधी पाण्याच्या कडेला फिकट गुलाबी पट्टा दिसला. मग तो पट्टा उचलला गेला, आणि पंखांच्या आतला गडद गुलाबी-काळा रंग एकदम उघडा पडला. लांब मान पुढे, लांब पाय मागे, असे शेकडो पक्षी आमच्या डोक्यावरून सीवूड्सच्या टॉवरांकडे गेले. इंजिनाच्या आवाजातही सगळे गप्प झालो. फक्त नवरा नाही. तो "बघा वहिनी! बघा!" असं ओरडत होता, जणू ते सिडकोने पाळलेत. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ सालचं, २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, हेही त्याने सांगून टाकलं. युनेस्कोची फिटंफाट.

मग सूर्य बुडाला आणि तिवरांतून डास निघाले. डासांना एकादशी नसते. मी डबे उघडले. वऱ्याचे तांदूळ वाढले, त्यावर आमटी ओतायला द्रोण उचलला आणि एका मोठ्या लाँचची लाट आम्हाला आडवी लागली. आमटीने द्रोण सोडला. ती कुठे गेली हे विचारायला नको, कारण बोटीत पांढरा कपडा घातलेलं एकच माणूस होतं. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी आमटीकडे. भाऊजी म्हणाले, "दाण्याचं कूट आहे, वाळलं की झटकून निघेल," आणि त्यानंतर बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही.

पेपर प्लेट वाऱ्याला सोपी जाते. एक उडाली, रताळ्यासकट. दुसरी नवऱ्याने गुडघ्यात धरली. सासूबाईंनी मात्र हातावर वडा घेतला, त्यावर दही, आणि कुणाकडेही न बघता जेवायला सुरुवात केली. जन्मभर एसटीत आणि लोकलमध्ये जेवलेल्या बाईला होडीचं काय?

तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला, घोगरा झाला आणि बंद पडला. नाखव्याचा मुलगा मागून वाकून बघत म्हणाला, "पंख्यात पिशवी घुसली." खाडीत पंख्याला काय गुंडाळलं जातं ते विचारायची सोय नाही. पिशव्या, फाटकी नायलॉनची जाळी, ओढणी, निर्माल्याची गाठोडी. सायकली तेवढ्या नाहीत. आपल्याकडे सायकल भंगारात विकली जाते, पाण्यात टाकायला लोक वेडे नाहीत. मुलगा सुरी दातात धरून पाण्यात उतरला.

आणि बोट थांबल्यावर जेवण सुरळीत झालं. धूर नाही, वारा पडलेला, प्लेट मांडीवर टिकत होत्या. समोर पाम बीच रोडचे दिवे, दुसऱ्या बाजूला लांबवर अटल सेतूच्या दिव्यांची ओळ. भाऊजींनी चार वडे खाल्ले. जाऊबाईंनी डाग पडलेल्या पँटवरच प्लेट ठेवून वऱ्याचे तांदूळ दोनदा मागून घेतले आणि तिथला पिझ्झा गार होता हे पहिल्यांदाच सांगितलं. शिवाय त्याला वेगळे पैसे पडले होते.

पंखा सुटायला वेळ लागणार म्हणून नाखव्यानेही डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. वास हळूच बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत आला. भाऊजी वळले.

"घ्या ना सायेब एक," नाखवा म्हणाले.

भाऊजींनी आईकडे बघितलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, नारिंगी जॅकेटमध्ये, हातात राजगिऱ्याचा लाडू.

"त्यांना एकादशी नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुला आहे."

आठला आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा पाणी सगळ्या पायऱ्या चढून वर आलं होतं, आणि उतरायला एकच पाऊल टाकावं लागलं. गाडीत बसेपर्यंत जाऊबाईंनी स्टेटस टाकलं होतं: मावळता सूर्य, रोहित, दूरचे दिवे, खाली 'डिनर क्रूझ, नवी मुंबई'. जॅकेटं, ताडपत्री आणि आमटी सफाईने कापून टाकलेली. पाम बीच रोडला लागतो तोच पुण्याहून नणंदेचा फोन.

"किती छान गं! मला न सांगता गेलात? पुढच्या महिन्यात आम्ही चौघं येतोय. तारीख काढून ठेव."

मी स्पीकर लावला होता. सासूबाईंनी मागच्या सीटवरून पर्स उघडून छोटं पंचांग काढलं, गाडीतला दिवा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, "तिला आधी विचार, ती अजून एकादशी करते का."