चार वर्षांच्या मुलीला एकटीला बाविसाव्या रांगेत

रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभी राहून मेतकुटाची पिशवी डबल बांधत होते. तेवढ्यात नवऱ्याने वेब चेक-इन उघडलं आणि म्हणाला, "अगं, हे बघ जरा." मी ९ सी, मांडीवर धाकटा. तो स्वतः ३१ बी. आणि आमची चार वर्षांची लेक २२ ई. मधली सीट. एकटी. मुंबई ते सिंगापूर, साडेपाच तास, रात्रीचं विमान. तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, जन्मतारखा आम्हीच भरलेल्या. म्हणजे कंपनीला पक्कं माहीत आहे की या प्रवाशाला अजून स्वतःचं नाक शिंकरता येत नाही. तरी २२ ई!

एकत्र बसायचंय? बसा की! नकाशावर अर्ध्याहून जास्त सीटा मोकळ्या दिसतायत, फक्त प्रत्येकीवर किंमत लिहिलीय. खिडकीचे जास्त, पुढच्या रांगेचे त्याहून जास्त, हे एक वेळ समजू शकते. पण आईशेजारी बसायचे पैसे? ती काय सोय आहे का? उद्या श्वास घ्यायलाही तीन पर्याय देतील, साधा, प्लस आणि प्रीमियम.

आणि नियम नाही असंही नाही हो! एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, विमान कंपन्यांना स्पष्ट सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-बापापैकी किंवा पालकांपैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्यायची, आणि त्याची नोंद ठेवायची. हे मी कस्टमर केअरच्या पोरीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मॅडम, सीट अव्हेलेबिलिटीवर आहे." मी म्हटलं, मोकळ्या दिसतायत ना. "हो मॅडम, त्या पेड आहेत." मग अव्हेलेबल आहेत की नाहीत? "मॅडम, एअरपोर्टवर काउंटरला बघून घ्या." काउंटरवाला म्हणाला, आत क्रू ॲडजस्ट करेल. आत क्रू म्हणाली, मॅम, तुम्ही पॅसेंजरना रिक्वेस्ट करून बघा ना.

म्हणजे शेवटी भीक मीच मागायची. कमरेवर अकरा किलोचा पोरगा, खांद्याला डायपरची पिशवी, दुसऱ्या हाताला लेक, आणि मागे पन्नास माणसं बॅगा घेऊन तुंबलेली. २२ डीवाल्या गृहस्थांना विचारलं. मानेला उशी लावून ते तयारीत बसले होते. म्हणाले, "मी या सीटचे वेगळे पैसे भरलेत." आणि चीड कशाची येते सांगू? त्यांचं बरोबर होतं! त्यांनी पैसे भरलेत, त्यांनी का उठावं? कंपनीने आपलं काम केलं नाही आणि भांडण लावून दिलं दोन गिऱ्हाइकांमध्ये. मी त्यांच्या नजरेत फुकटी आणि ते माझ्या नजरेत निर्दयी.

शेवटी माझ्याच रांगेतल्या एक काकू उठल्या. कुठल्याशा टूर ग्रुपबरोबर निघाल्या होत्या, गुडघ्याला पट्टा होता. "बस गं, मला काय, मी झोपणारच आहे," म्हणत त्या खिडकी सोडून २२ ईमध्ये जाऊन अवघडून बसल्या. सत्तरीच्या बाईने कंपनीची लाज राखली.

आमच्या एसटीत कंडक्टर "ओ दादा, सरका जरा, पोराला आईजवळ बसू द्या" म्हणतो आणि दहा सेकंदांत काम होतं. त्याला ना ॲप लागतं ना अल्गोरिदम. आणि पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीटही नाही.

उतरताना धाकट्याचे कान दुखायला लागले. विमान वर असताना आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका ठेवतात, खाली येताना तो वाढत जातो. लहान मुलांची कानाची आतली नळी अरुंद, गिळल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणून बाळाला उतरताना दूध पाजायचं, हे सगळं मला पाठ आहे. पण त्याने बाटली फेकली, ती चार रांगा पुढे गेली. लागला भोकाड पसरायला. पुढचे एक साहेब वळून म्हणाले, "त्याला काहीतरी द्या ना." काय देऊ, माझा कान देऊ? मुद्दाम चिमटे काढतेय का मी त्याला?

सिंगापूरबद्दल माझी तक्रार नाही. उलट तिथे गेल्यावर जास्तच राग आला, की हे जमतं तर! स्टेशनांवर लिफ्ट, बाबागाडी सरळ फलाटापर्यंत, ९० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या पोराला मेट्रो फुकट. विमानतळालगतच्या ज्वेल नावाच्या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा बघून लेक एवढंच म्हणाली, "नळ बंद करा ना." मुंबईच्या पाणीकपातीचे संस्कार.

बाकी सहल म्हणजे नवऱ्याची एक्सेल शीट. तिथे घड्याळ अडीच तास पुढे, त्यामुळे दहा वाजले की नवरा तयार होऊन दारात आणि पोरांच्या पोटात साडेसात. संध्याकाळी नाइट सफारी, म्हणजे ज्या वेळेला पोरं झोपेने रडकुंडीला येतात नेमकी तीच वेळ. एका थीम पार्कात चार वर्षं पूर्ण म्हणून लेकीचं तिकीट लागलं, आणि आत गेल्यावर राइडपाशी १२२ सेंटिमीटरची पट्टी. वय मोजून पैसे, उंची मोजून नकार! रात्री हॉटेलच्या बाथरूममध्ये मी बाटल्या धूत होते आणि इलेक्ट्रिक कुकरमध्ये मुगाची खिचडी शिजत होती. म्हणजे ठाण्यात जे करते तेच, फक्त ओट्याशिवाय.

आता खरी गंमत ऐका. सहलीच्या चौथ्या दिवशी धाकटा दोन वर्षांचा झाला. दोन पूर्ण झाली की मांडीवरचं तिकीट चालत नाही, त्यामुळे परतीला त्याची वेगळी सीट आधीच काढावी लागली होती, जवळजवळ आमच्याइतकेच पैसे देऊन. ठीक आहे, सुरक्षेचा नियम आहे, मान्य. पण चेक-इन उघडलं तर त्याला कुठे टाकलेलं? २७ बी. दोन वर्षं आणि एक दिवस वयाचा प्रवासी, एकटा, २७ बी! मी १२ मध्ये.

या वेळी मी फोन केला नाही, नियम वाचून दाखवला नाही. भांडायचं त्राणच नव्हतं. गुपचूप चार सीटांचे ३,४०० रुपये भरले. लगेच त्याच्या नावाने मेल आला, "प्रिय मास्टर, आपली आवडती सीट निवडल्याबद्दल धन्यवाद."

आवडती सीट म्हणे! उडताना-उतरतानाची काही मिनिटं सोडली तर अख्खा वेळ तो माझ्या मांडीवरच लोळत होता. पैसे भरलेल्या सीटवर डायपरची पिशवी आली मुंबईपर्यंत, पट्टा बांधून.