‘नुसता पडदा गेलाय, मेंदू ठीक आहे’ हा दिलासा अपुरा आहे

‘डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) इजा झाली तरी बिघाड डोळ्यापुरताच असतो. एमआरआय नॉर्मल आला की डोळ्यामागून मेंदूपर्यंतची वाट शाबूत. पडदा दुरुस्त झाला की दृष्टी परत.’ अशा आशयाचा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. घाबरलेल्या घराला तो धीर देतो, हे कळतं. तरी त्यातलं एकही वाक्य सरसकट खरं नाही.

बिघाड डोळ्यापुरता कसा राहील? डोळ्याची नस म्हणजे पडद्यातल्याच गँग्लियन पेशींचे (पडद्यातला संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशींचे) तंतू, एका डोळ्यातून साधारण दहा-बारा लाख. पेशी मेली की तिचा तंतूही झडतो. बहुतेक तंतू मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागापाशी संपतात, तिथून दुसऱ्या पेशी डोक्याच्या मागच्या दृष्टिकेंद्रापर्यंत जातात. कालांतरानं झीज हा सांधाही ओलांडू शकते. २००९ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जुना काचबिंदू आणि मॅक्युलाची (पडद्याच्या मधल्या भागाची) झीज असलेल्यांचे एमआरआय तपासले. दृष्टिकेंद्रातल्या ग्रे मॅटरची (मेंदूतल्या करड्या भागाची) घनता कमी भरली, तीही पडद्याच्या दुखावलेल्या भागाशी जुळणाऱ्या जागी.

‘एमआरआय नॉर्मल’ हे वाक्य तर मला सर्वांत जास्त खटकतं. नेहमीच्या एमआरआयमध्ये गाठ दिसते, सूज दिसते. तंतूंची सुरुवातीची झीज निसटू शकते. एमआरआयचंच डिफ्यूजन टेन्सर हे खास तंत्र मात्र नसेतल्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतं, तंतूच्या लांबीला धरून वेगळी आणि आडवी वेगळी. २००३ सालच्या एका प्रयोगात उंदरांच्या पडद्याचा रक्तपुरवठा काही काळ रोखला. तिसऱ्या दिवशी नसेतली लांबीच्या दिशेची हालचाल घटली होती: तंतू तुटत होते, तंतूंभोवतीचं मायलिनचं आवरण अजून टिकून होतं. आडवी हालचाल वाढली ती पाचव्या दिवशी, आवरण बिघडल्यावर. इजा पडद्याला, खुणा नसेत, आणि त्याही क्रमानं! माणसात हे अवघड जातं. नस जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड, त्यात डोळा हलतो. म्हणून एकेका रुग्णाचा निर्णय अजून ओसीटी (प्रकाशानं पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन), दृष्टिक्षेत्राची तपासणी आणि व्हीईपीवरच (दिसल्यावर मेंदूत उठणारे विद्युत संकेत मोजणारी चाचणी) जास्त टेकतो.

आता दृष्टी परत येण्याचं. कोणता थर गेला, यावर बरंच ठरतं. आरपीई६५ या जनुकातल्या दोषानं होणाऱ्या आनुवंशिक आजारात प्रकाश टिपणारा थर निकामी होतो, पण गँग्लियन पेशी बऱ्याच टिकतात. जनुकोपचारानंतर अशा रुग्णांचं दृष्टिकेंद्र कित्येक वर्षं नीट न दिसूनही प्रतिसाद देताना दिसलं. उलट मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कला अख्ख्या डोळ्याचं रोपण झालं. पडद्यात रक्त खेळू लागलं, दृष्टी मात्र आली नाही: नुसता पडदा जगून भागत नाही.

पडदा जागेवरून सुटला असेल तर एमआरआयच्या रिपोर्टची वाट पाहत ऑपरेशन लांबवू नका. आणि डॉक्टरांना थेट विचारा: गँग्लियन पेशींचा थर ओसीटीत किती उरलाय?