शुक्रवारचा रविवार

२००९ साली दुबईत आलो आणि पहिली उपासना शुक्रवारी केली, तेव्हा मन खात राहिलं. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी शेतात पाऊल टाकलं तरी बोलणी बसायची. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. २०२२ च्या जानेवारीत अमिरातीने सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, तोवर बारा वर्षं मी शुक्रवारीच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत उपासनेत वाटली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेतलं. देवाने ते नाकारलं असं एकदाही वाटलं नाही.

म्हणून परवा गावाहून आक्काचा फोन आला तेव्हा जीव तुटला. गणपतीत शेजारणीने हातावर ठेवलेला मोदक मंडळीतल्या एका नव्या सुनेने खाल्ला. तिचा बाप्तिस्मा होऊन वर्षही झालेलं नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या काही वडीलजनांनी ठरवलं, तीन महिने तिला प्रभुभोजन द्यायचं नाही. काहींनी तिची बाजू घेतली. आता उपासना सुटल्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांचा सलामही घेत नाहीत.

पहिल्या शतकात रोममधल्या मंडळीतही हेच चाललं होतं. एक जण सगळं खातो, दुसरा नुसता भाजीपाला; एकाला एक दिवस मोठा, दुसऱ्याला सगळे सारखे. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात प्रेषित पौल खाणाऱ्याला सांगतो, न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नको. आणि न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याचा न्याय करू नको. करिंथ शहरातल्या मंडळीला तर तो लिहितो, बाजारातलं मांस विचारपूस न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. तेव्हा मोदक नको म्हणणाऱ्यांनाही आधार आहे, हे मी मान्य करतो. माझी आई आयुष्यभर “नको गं बाई, राग मानू नको” म्हणत प्रसाद परत करायची. शेजारीण राग मानायची नाही, दुसऱ्या दिवशी भाकरी-भाजी घेऊन यायची. आईला कुणी जबरदस्तीने मोदक भरवला असता तर मी तितकाच भांडलो असतो.

पण हाच पौल अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याच्यावर सगळ्यांसमोर तुटून पडला, आणि तेही जेवणावरूनच. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणारा पेत्र, यरुशलेमची यहुदी माणसं आल्यावर त्या पंगतीतून मागे सरला. ताटातल्या पदार्थावर कुणाला दोष देऊ नका म्हणणारा पौल, शेजारी बसलेल्या माणसाला दूर सारलेलं पाहून गप्प बसला नाही. आमच्या वडीलजनांना मला एवढंच विचारायचंय: मोदक क्षुल्लक होता, पण त्या मुलीला प्रभूच्या मेजावरून उठवणं क्षुल्लक आहे का? तीन महिने ती मागच्या बाकावर बसून काय शिकणार?

इथले आम्ही फार शहाणे झालोत असं नाही. दुबईतल्या जबल अली भागात कॅथलिक, अँग्लिकन, केरळची मार थोमा अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांची देवळं शेजारीशेजारी उभी आहेत, आणि एका मंडळीची वेळ संपली की दुसरी दारात उभी असते. भांडायला सवड नसते. शिवाय इथे कुणाचं घराणं नाही, कमिटीवर पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आडनावं नाहीत. गावाकडच्या बऱ्याच वादांच्या तळाशी तीच आडनावं असतात. आधी मराठी गीत की कन्नड, यावर आमच्याकडे एक नाताळ वाया गेला होता. १९५६ पासूनचा सीमेचा प्रश्न वेदीपर्यंत आणायची काय गरज होती? मला दोन्ही भाषांतली गीतं पाठ आहेत, आणि इथे एकटा असताना दोन्ही म्हणतो.

आक्काला मी सांगितलंय, त्या सुनेला रविवारी तुझ्याच बाकावर बसव. डिसेंबरात मी येतोय. पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. तोवर तिच्यावरची बंदी उठली नाही, तर मीही तिच्याजवळ बसून राहीन, पुढे जाणार नाही.