ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता, तरी आई व्हेंटिलेटरवर गेली

मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर दमतात त्या आजारावरचा लेख चांगला आहे, पण सगळा भर पापणी पडणं आणि एकाचे दोन दिसणं यावरच आहे. जीव धोक्यात येतो तो श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायू दमले की. ते ठळक यायला हवं होतं.

माझ्या आईला हाच आजार आहे, ती तासगावला असते. गेल्या पावसाळ्यात तिला सर्दी-ताप झाला. दोन दिवसांत आवाज गेंगाणा झाला, चहा नाकावाटे परत यायचा, जेवताना हनुवटीला हाताचा आधार द्यायची. आम्ही मात्र ऑक्सिमीटरवर ९७ बघून निर्धास्त. या आजारात तो आकडा बऱ्याचदा अगदी शेवटी घसरतो, हे नंतर कळलं. रात्री तिला आडवं होववेना. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, तर १२ वरच थांबली. तेव्हा कुठे १०८ ला फोन केला, मिरजेला नेलं. थेट आयसीयू, व्हेंटिलेटर, पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून देतात ती प्रतिपिंडं).

एका श्वासात २० पर्यंत मोजता येत नसेल, थुंकी गिळवत नसेल, मान सावरत नसेल, तर कृपा करून सकाळची वाट बघू नका. पायरिडोस्टिग्मिनच्या (या आजारावरच्या नेहमीच्या औषधाच्या) जादा गोळ्याही मनाने देऊ नका, त्यानेही अशक्तपणा आणि कफ वाढतो.

आणखी एक. तापासाठी दवाखान्यात गेलो तेव्हा आम्ही या आजाराचं नावच सांगितलं नव्हतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन अशी अँटिबायोटिक औषधं या रुग्णांना घातक ठरू शकतात. आता आजाराचं नाव आणि गोळ्यांची यादी लिहिलेला कागद आईच्या पिशवीत कायम असतो.