एका कुळातली गवतं शेजारी नांदत नाहीत? बालाघाटच्या माळावर जाऊन बघा

सध्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘एकाच कुळातल्या वनस्पती एकमेकींच्या वैरी असतात, त्या एकत्र वाढत नाहीत, हे डार्विनने सिद्ध केलंय. कूळ वेगळं, मग स्पर्धा नाही; कूळ बदललं की कीड तुटते. शेतात आणि माळावर वेगवेगळी कुळंच लावा.’

‘डार्विनने सिद्ध केलंय’: नाही. 1859 साली त्याने तर्क मांडला की जवळच्या नात्यातल्या जातींच्या गरजा सारख्या, म्हणून त्यांच्यात चढाओढ जास्त. अशा जाती शेजारी टिकतच नाहीत, ही मेसेजवाल्याची भर.

‘एका कुळातल्या वनस्पती एकत्र वाढत नाहीत’: मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या माळावर कुसळी, पवन्या, डोंगरी, मारवेल ही गवतं शेजारी वाढतात. कूळ एकच, आणि कुळातला गटही एकच. ज्वारी, मका, ऊस त्याच गटातले. ही सगळी एकत्र दिसतात, कारण पहिली चाळणी जागा लावते: वीतभर मुरूम, सात-आठ महिने कोरड, चराई, वणवा. वरचा पाला गेला तरी बुडखा पुन्हा फुटणं आणि कडक उन्हात थोड्या पाण्यावर अन्न तयार करणारी सी-4 पद्धत, हे गुण या गटाला वारशातच मिळालेत. म्हणून चाळणीतून भावकीच्या भावकी पार होते.

पुढे घरातली वाटणी. कुसळी उथळ, खडकाळ जागा धरते. तिच्या कुसळाला ओल लागली की पीळ फिरतो आणि बियाचं टोक जमिनीत घुसतं. ओघळीकडे माती खोल आणि काळी झाली की मारवेल दिसू लागतं. तेवढ्या फरकावर दोघांचं भागतं.

‘कूळ वेगळं, मग स्पर्धा नाही’: गाजरगवत सूर्यफुलाच्या कुळातलं, सोयाबीन शेंगवर्गी. एक खुरपणी चुकवून बघा.

‘कूळ बदललं की कीड तुटते’: हे अर्धं खरं. गुलाबी बोंडअळी कपाशीवरून भेंडीवर जाते, कारण दोन्ही एका कुळातल्या. ज्वारी-मक्याचा खोडकिडाही सामाईक. पण घाटेअळी हरभरा, तूर, कपाशी, टोमॅटो सगळं खाते, तिला कुळाशी देणंघेणं नाही. कीड किती खादाड आहे ते आधी पाहायचं, मग आंतरपीक ठरवायचं.

कुणाला मोजूनच बघायचं असेल तर गवतं फुलोऱ्यात असताना मीटर बाय मीटरची चौकट टाका, उथळ आणि खोल मातीत निदान वीस-वीस ठिकाणी. जातींची यादी करा, मातीची खोली गजाने मोजा. पान पातळ की जाड हे कळायला, पानं ताजी असतानाच त्यांचं क्षेत्रफळ काढा, मग 70 अंशावर दोन-तीन दिवस वाळवून वजन घ्या. सुकून आकसलेलं पान मोजलं की आकडा वाया. नंतर चौकटीतल्या जातींचं आपसातलं नातं, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तितक्याच जातींच्या नात्याशी ताडायचं, म्हणजे भाऊबंद खरंच जास्त आहेत का ते कळतं. गफलत इथेच होते. चिठ्ठ्यांत सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातली झाडं घातली, तर मराठवाड्यातली कुठलीही चौकट भाऊबंदांनी भरलेली दिसणार. चिठ्ठ्या त्याच माळाच्या आसपास खरोखर बी पोचू शकणाऱ्या जातींच्याच हव्यात.