अँड्र्यू पीटरसन म्हणजे कार्ल ओस्कार नव्हे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वकोनिया गावाजवळ अँड्र्यू पीटरसन या स्वीडिश शेतकऱ्याचं घर आणि कोठारं जपून ठेवली आहेत. त्यांच्या फोटोखाली एक मजकूर हमखास फिरतो: 'विल्हेल्म मोबर्गच्या कादंबऱ्यांतला कार्ल ओस्कार तो हाच. ओसाड रानात यानं एकट्यानं संसार उभा केला.' मोबर्ग हा स्वीडिश लेखक, आणि कार्ल ओस्कार म्हणजे अमेरिकेत जाऊन वसलेल्या स्वीडिश शेतकऱ्यांवरच्या त्याच्या कादंबऱ्यांचा नायक. मजकूर वाचायला झकास, पण बरंचसं चूक.

आधी 'तो हाच'चं बघू. मोबर्गनं पीटरसनच्या डायऱ्या सेंट पॉलला बसून वाचल्या आणि भरपूर वापरल्या, यात वाद नाही. पण कार्ल ओस्कार स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांताचा. बायको क्रिस्तिना आणि पोरंबाळं घेऊन निघालेला. पीटरसन ओस्टरयोतलांडचा आणि १८५० मध्ये निघाला तेव्हा सडाफटिंग. आधी आयोवात राहिला, १८५५ मध्ये इकडे आला, एल्साशी लग्न केलं ते १८५८ मध्ये. कादंबरीत क्रिस्तिना नवऱ्याआधी जाते. नऊ लेकरांची आई एल्सा मात्र नवऱ्यामागेही बरीच वर्षं जगली. शिवाय कार्ल ओस्कार वसला ते चिसागो मिनियापोलिस शहराच्या एका अंगाला, तर वकोनिया पार दुसऱ्या. लिंडस्ट्रॉम गावात 'कार्ल ओस्कारचं घर' म्हणून भलतंच घर दाखवतात, ते वेगळंच!

डायरीत आहे काय? हवा कशी होती, कुंपणाच्या बल्ल्या कुणी फोडल्या, आज कोण कुणाच्या कामाला गेलं. मन मोकळं करणं जवळपास नाहीच. म्हणजे कामं पीटरसनची, काळीज मोबर्गचं. आणि याच नोंदी 'एकट्यानं'लाही खोटं पाडतात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. आपल्याकडे सावड म्हणतात ना, तीच ही.

'ओसाड' तर मुळीच नाही. ही डाकोटा या मूळनिवासी लोकांची भूमी. १८५१ च्या करारांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली, मग वसाहतवाल्यांना वाट मोकळी झाली. वकोनिया हे नावही डाकोटा भाषेतलंच.

मला खरा राग येतो तो त्या मजकुरात पीटरसनच्या सफरचंदांचा उल्लेखच नसल्याचा. मिनेसोटाच्या हिवाळ्यात पूर्वेकडून आणलेली कलमं गोठून मरत. पीटरसननं थंडी सोसणाऱ्या रशियन जाती लावल्या, कलमं बांधली, कुठलं झाड तगलं नि कुठलं गेलं यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली. राज्याच्या फळप्रयोगांसाठी त्याची बाग वापरली गेली. १८९८ मध्ये तो वारला; डायरी अगदी तोवर चालू होती. या माणसाला शेतकरी म्हणून नाव मिळालं ते या झाडांमुळे, आणि तेव्हा मोबर्गचा जन्मही झाला नव्हता.