स्वस्त लेन्सची पत्रिका

स्वस्त वस्तू घेताना माणूस जेवढा विचार करतो तेवढा महाग वस्तू घेताना करत नाही, हे माझे जुने मत कॅमेऱ्याच्या लेन्सच्या बाबतीत अगदी पक्के झाले आहे. लाखाची लेन्स घेणारा दुकानात जातो, कार्ड पुढे करतो आणि घरी येतो; काही हजारांत हाताने फोकस करायची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स शोधणाऱ्याला मात्र प्रकाशशास्त्र, सोव्हिएत रशियाचा इतिहास आणि स्वतःच्या दिवाणखान्याची लांबी एवढ्या विषयांची तयारी करावी लागते.

“ऑटोफोकस नाही, झूम नाही, मग हिच्यात आहे तरी काय?” हा पत्नीचा प्रश्न रास्त होता. माझ्या सोनी ए ६००० बरोबर आलेली १६-५० मिमीची झूम लेन्स ५० मिमीपाशी एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठे), आणि एफ १.४ च्या लेन्समधून त्याच्या सोळापट प्रकाश आत येतो, असे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यावर, “अहो, एवढाच प्रकाश हवा असेल तर आधी हॉलमधली ट्यूबलाइट बदला,” असे उत्तर आले. ते तांत्रिकदृष्ट्या खोडून काढता येत नाही.

पहिला पेच ३५ की ५० मिमी नाभीय अंतराची लेन्स हा होता; हा आकडा वाढला की चौकटीत कमी मावते. माझ्या कॅमेऱ्यात आहे तशा लहान, एपीएस-सी सेन्सरवर ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखी वागते, हे वाक्य वाचायला निरुपद्रवी वाटते. पण आमच्या हॉलच्या एका भिंतीपासून दुसरी भिंत दहा फुटांवर आहे, आणि तेवढ्या अंतरावरून कॅमेरा उभा धरला तरी ५० मिमीमध्ये जेमतेम साडेचार फूट उंची मावते. आमच्या घराण्यात एवढी उंची फक्त एका आत्याची आहे. ३५ मिमीमध्ये मात्र साडेसहा फुटांपर्यंतचे सर्व नातेवाईक पायांसकट मावतात.

तरीही जुन्या लेन्सचा मोह सुटेना. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ २, ही बायोटार या जर्मन लेन्सच्या रचनेवर बेतलेली लेन्स मागच्या झाडाची पाने अशी गरगर फिरवते की समोरचा माणूस कोणत्याही क्षणी भोवळ येऊन पडेल असे वाटावे; आणि याच गुणासाठी लोक ती शोधत असतात. मात्र ती कोणत्या कॅमेऱ्याशी जुळेल हे पाहणे म्हणजे पत्रिका जुळवणेच आहे. एम ४२ आट्यांच्या या लेन्सचा माउंट, म्हणजे ती जिथे बसते ते कडे, सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर असावा लागतो. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर अवघे १८ मिमी असल्याने उरलेली जागा ॲडॉप्टरच्या कड्याने भरून काढता येते. मेहुण्याच्या निकॉनमध्ये ते ४६.५ मिमी आहे. म्हणजे केवळ एका मिलिमीटरच्या दोषापायी ॲडॉप्टरमध्ये जादा काच बसवल्याशिवाय दूरचा डोंगर कधी स्पष्ट दिसायचा नाही. शांत करून घ्यायची सोय इथेही आहे, पण त्या काचेने चित्राचा कस उतरतो.

जपानी सुपर-टाकुमार ५० मिमी, एफ १.४ हे दुसरे स्थळ. तिच्या काही आवृत्त्यांच्या काचेत थोरियम असल्याने ती किंचित किरणोत्सर्गी असते आणि वर्षे गेली की पिवळी पडते. उन्हात ठेवल्यास पिवळेपणा कमी होतो. किरणोत्सर्गी वस्तू गच्चीवर पापडांशेजारी वाळत घालण्याचा प्रस्ताव घरात चर्चेलाही आला नाही.

मग मी फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो. जुनी लेन्स पाहताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून काचेत फंगसचे तंतू शोधायचे, ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आले आहे का ते पाहायचे आणि फोकसची रिंग अडखळते का ते चाचपायचे असते. मुंबईच्या पावसाळ्यांनी काही काचांवर जे विणकाम केले होते ते पाहून मी थक्क झालो. विक्रेता मात्र प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणत होता, “साहेब, फोटोत काही येत नाही.”

शेवटी टीटीआर्टिझनची ३५ मिमी, एफ १.४ ही नवी चिनी लेन्स घेतली. तिला विजेची एकही जोडणी नसल्याने, आपल्याला लेन्स लावली आहे हेच कॅमेऱ्याला कळत नाही, आणि लेन्स नसतानाही फोटो काढण्याची परवानगी त्याला मेनूत जाऊन द्यावी लागते. तिचे झाकणही आट्यांचे आहे. ते फिरवून काढायचे, ॲपर्चर ठरवायचे, मग पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधला भाग दाखवायला कॅमेरा पडद्यावर रंगवतो त्या, रंगीत कडा समोरच्याच्या डोळ्यांवर येईपर्यंत रिंग फिरवायची. एफ १.४ वर एका मीटरवरून स्पष्टतेचा पट्टा चार-साडेचार सेंटीमीटरचाच असल्यामुळे माणूस श्वास घेताना पुढे झुकला तरी डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतात. म्हणून आमच्याकडे आता “हसा” असे न म्हणता “हलू नका” असे म्हणतात, आणि सर्वांत उत्तम फोटो दुपारी झोपलेल्या सासऱ्यांचे येतात.

पावसाळ्यात लेन्सला फंगस लागू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबा लागतो. घरात तसा एकच होता, चिवड्याचा. मागच्या रविवारी पाहुणे आले असता चहाबरोबर तोच त्यांच्यापुढे उघडून ठेवण्यात आला. त्यांनी लेन्स उचलून पाहिली, सौजन्याने किंमत विचारली आणि ती ऐकून म्हणाले, “स्वस्तच म्हणायची.” पत्नीने मग चिवडा कागदी पिशवीतून वाढला. तो सादळला होता.